न घडलेल्या गोष्टींचा वारसा

९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना अखेरचा निरोप देण्यात आला, तेव्हा तिथे वाचल्या गेलेल्या दोन श्रद्धांजलींचे लेखक स्वतःच हयात नव्हते. जेराल्ड फोर्ड २००६ मध्ये गेले आणि वॉल्टर मॉन्डेल २०२१ मध्ये. दोघांनीही कार्टर यांच्यासाठीचे भाषण आधीच लिहून ठेवले होते. ते त्यांच्या मुलांनी, स्टीव्ह फोर्ड आणि टेड मॉन्डेल यांनी, वाचून दाखवले. फोर्ड हे १९७६ च्या निवडणुकीत कार्टर यांच्याकडून हरलेले राष्ट्राध्यक्ष. १९८१ मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांच्या अंत्यविधीहून परतताना हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष एकाच विमानात होते, बोलता बोलता त्यांची मने जुळली आणि पुढे दोघांनी एकमेकांना शब्द दिला की जो मागे राहील त्याने दुसऱ्याविषयी बोलायचे. कार्टर यांनी २००७ च्या जानेवारीत तो शब्द पाळला, आणि फोर्ड यांनी तो मृत्यूनंतर अठरा वर्षांनी पाळला. मॉन्डेल हे कार्टर यांचे उपराष्ट्राध्यक्ष. त्यांच्या भाषणात आपल्या चार वर्षांच्या कारभाराचे वर्णन तीन छोट्या वाक्यांत होते: आम्ही खरे बोललो, आम्ही कायदा पाळला, आम्ही शांतता राखली.

ही तीन वाक्ये ऐकल्यापासून मी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो आहे. सत्तेवरून उतरलेला माणूस सहसा काय सांगतो? आम्ही अमुक बांधले, तमुक जिंकले, इतके रस्ते केले, इतके कारखाने आणले. मॉन्डेल यांच्या यादीत असे दाखवता येण्याजोगे काहीच नाही. खोटे बोललो नाही, कायदा मोडला नाही, युद्ध केले नाही, असे तिन्ही दावे उलट्या बाजूनेही मांडता येतात, आणि न झालेल्या गोष्टीचा पुतळा उभारता येत नाही. कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी शंभराव्या वर्षी गेले, तेव्हा जगभरच्या मृत्युलेखांत आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही एक ठरलेले वाक्य दिसले: राष्ट्राध्यक्ष म्हणून अपयशी, माजी राष्ट्राध्यक्ष म्हणून थोर. मला हे वाक्य पटत नाही. एकाच माणसाचे असे मधोमध दोन तुकडे पडत नाहीत. ज्या स्वभावाने त्यांना १९८० मध्ये हरवले, त्याच स्वभावाने त्यांच्याकडून पुढची चाळीस वर्षे काम करून घेतले. त्यांच्या कामाची जातच अशी होती की ते यशस्वी झाले म्हणजे डोळ्यांना दिसेनासे व्हायचे.

जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या काही शे वस्तीच्या गावात १९२४ मध्ये जन्म, नौदल अकादमीचे शिक्षण, मग अणुपाणबुड्यांच्या कार्यक्रमात नेमणूक. डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथील अणुभट्टीला अपघात झाला आणि ती मोडून काढण्याच्या कामावर अमेरिकी नौदलाची जी तुकडी पाठवली गेली, तिचे प्रमुखपद अठ्ठावीस वर्षांच्या कार्टर यांच्याकडे होते. त्यांनी पुढे सांगितलेल्या आठवणी अंगावर काटा आणतात. जवळच्या टेनिस कोर्टवर अणुभट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभारली होती, तिच्यावर आधी सराव करायचा, आणि मग प्रत्यक्ष भट्टीत उतरून जेमतेम दीड मिनिटात ठरलेले नटबोल्ट काढून वर यायचे, कारण त्याहून अधिक काळ तिथला किरणोत्सर्ग शरीराला सोसणारा नव्हता. या तरुण अधिकाऱ्याने अणुशक्तीची ओळख कागदावर करून घेतलेली नव्हती, हे पुढच्या काही गोष्टी समजून घेताना ध्यानात ठेवायला हवे. १९५३ मध्ये वडील वारले आणि ते नोकरी सोडून भुईमुगाच्या शेतीकडे परतले.

त्यांच्या राष्ट्राध्यक्षपदाचे सर्वांत मोठे काम म्हणजे कॅम्प डेव्हिड. सप्टेंबर १९७८ मध्ये इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान मेनाकेम बेगिन यांना त्यांनी डोंगरातल्या त्या विश्रामस्थानी बोलावले आणि तेरा दिवस तिथेच ठेवून घेतले. पहिल्या काही दिवसांतच दोन्ही नेत्यांचे समोरासमोर बसणे अशक्य झाले, तेव्हा कार्टर स्वतः या कुटीतून त्या कुटीत मसुदे घेऊन फिरू लागले. एकामागून एक असे दोन डझनांच्या आसपास मसुदे झाले, आणि नकाशे पसरून इस्रायलच्या ताब्यातल्या सिनाई द्वीपकल्पातला एकेक रस्ता, एकेक विमानतळ त्यांनी स्वतः तपासला. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाने जवळजवळ दोन आठवडे बाकी सगळा कारभार बाजूला ठेवून दुसऱ्या दोन देशांच्या भांडणात असे गुंतणे त्यांच्या सल्लागारांनाही धाडसाचे वाटले होते.

शेवटच्या दिवशी सगळे फिसकटण्याच्या बेतात होते. बेगिन सामान बांधून निघण्याच्या तयारीत होते. त्यांनी आपल्या आठ नातवंडांसाठी तिघांच्या एकत्र छायाचित्रावर कार्टर यांच्या स्वाक्षऱ्या मागितल्या होत्या. कार्टर यांच्या सचिवांनी त्या मुलांची नावे मिळवली आणि कार्टर यांनी प्रत्येक छायाचित्रावर एकेका नातवंडाचे नाव घालून सही केली. ते गठ्ठा घेऊन स्वतः बेगिन यांच्या कुटीत गेले. रागावलेल्या बेगिन यांनी औपचारिकपणे आभार मानले, मग वरच्या छायाचित्रावर नातीचे नाव दिसले, ते त्यांनी मोठ्याने वाचले, मग दुसरे, मग तिसरे, आणि वाचता वाचता त्यांचे ओठ थरथरू लागले. थोड्या वेळाने त्यांनी मान्यता कळवली. २६ मार्च १९७९ रोजी करारावर सह्या झाल्या. १९४८ पासून पंचवीस वर्षांत चार मोठी युद्धे लढलेले हे दोन देश त्यानंतर आजपर्यंत एकमेकांशी लढलेले नाहीत. पॅलेस्टिनी जनतेला त्या कराराने जे आश्वासन दिले होते ते मात्र कागदावरच राहिले, आणि ही खंत कार्टर यांनी शेवटपर्यंत जाहीरपणे बोलून दाखवली, त्यापायी देशातल्या अनेक जुन्या मित्रांचा रोषही ओढवून घेतला. तरीही सिनाईच्या वाळूत न लढल्या गेलेल्या पाचव्या युद्धात जे मेले नाहीत, ते आज कैरोत आणि हैफात आपापल्या नातवंडांबरोबर असतील. त्यांची मोजदाद कोणत्याच खात्यात नाही.

पनामा कालव्याचेही तसेच. कालवा पनामाला परत देण्याचा करार सप्टेंबर १९७७ मध्ये झाला तेव्हा तो अमेरिकेत अत्यंत अप्रिय होता. सिनेटमध्ये दोन्ही करारांना ६८ विरुद्ध ३२ मते पडली, म्हणजे लागणाऱ्या दोन तृतीयांशांहून एकच मत अधिक. त्या बाजूने मत देणाऱ्या अनेक सिनेटरांना पुढच्या निवडणुकांत घरी बसावे लागले. लॅटिन अमेरिकेत कालव्यावरून एखादा दीर्घ गनिमी लढा पेटू शकला असता, तो पेटला नाही. नेमक्या कार्टर यांच्या निधनाच्या आठवड्यांत निवडून आलेले नवे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प तो कालवा परत घेण्याची भाषा बोलत होते, यावरून अशा वारशाचे आयुष्य किती नाजूक असते ते कळते.

मग इराण. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधील अमेरिकी वकिलातीचा ताबा विद्यार्थ्यांनी घेतला आणि ५२ अमेरिकी नागरिक ४४४ दिवस ओलीस राहिले. एप्रिल १९८० मध्ये सुटकेची लष्करी मोहीम वाळवंटातच फसली, हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ सैनिक मृत्युमुखी पडले. मोहिमेला विरोध असलेले परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांनी राजीनामा दिला. टीव्हीवर रोज रात्री ओलिसांचे दिवस मोजले जात होते. तेहरानवर बॉम्ब टाकले असते तर कार्टर यांची लोकप्रियता एका रात्रीत वाढली असती, हे त्यांनाही कळत होते. ते म्हणत की त्यात निरपराध इराणी मेले असते आणि ओलिसांचीही हत्या झाली असती. त्यांनी वाटाघाटीचा कंटाळवाणा मार्ग सोडला नाही. कारकिर्दीच्या शेवटच्या दोन रात्री ते जवळजवळ न झोपता त्याच कामात होते. २० जानेवारी १९८१ रोजी रोनाल्ड रेगन यांचा शपथविधी झाल्यानंतर काही मिनिटांतच ओलिसांचे विमान तेहरानहून उडाले. श्रेय कुणाला मिळाले हा प्रश्न निराळा. ते ५२ जण जिवंत घरी परतले.

महागाईबाबत तर त्यांनी स्वतःच्या पायावर जाणूनबुजून धोंडा पाडून घेतला. ऑगस्ट १९७९ मध्ये त्यांनी पॉल व्होल्कर यांना मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखपदी नेमले. व्होल्कर व्याजदर चढवणार, कर्जे महागणार, कामे जाणार आणि निवडणुकीच्या तोंडावर लोक चिडणार, हे सगळे दिसत असताना नेमले. १९८० मध्ये कार्टर ४४ राज्यांत हरले. भाव आटोक्यात आले ते रेगन यांच्या कारकिर्दीत.

कार्टर यांच्यावर प्रेम असणाऱ्यांनी एका गोष्टीकडे डोळेझाक करू नये. मानवी हक्क हा परराष्ट्र धोरणाचा पाया असेल असे सांगत ते सत्तेवर आले, अर्जेंटिनातल्या लष्करशहांची मदत त्यांनी तोडली, अनेक देशांतल्या तुरुंगांची दारे त्यामुळे किलकिली झाली. पण ३१ डिसेंबर १९७७ च्या रात्री तेहरानच्या मेजवानीत ते इराणच्या शहाला उद्देशून म्हणाले की अस्वस्थ प्रदेशात इराण हे स्थैर्याचे बेट आहे. त्या शहाच्या कैदखान्यांत काय चालत होते हे जगाला ठाऊक होते. पूर्व तिमोरमध्ये इंडोनेशियाचे सैन्य माणसे मारत असताना त्या देशाला अमेरिकी शस्त्रे मिळतच राहिली. मे १९८० मध्ये दक्षिण कोरियात ग्वांगजू येथे लष्कराने नागरिकांना चिरडले तेव्हाही वॉशिंग्टनने स्थैर्याचीच बाजू धरली. त्याआधी १९७० मध्ये जॉर्जियाच्या गव्हर्नरपदासाठी लढताना त्यांनी वंशभेद मानणाऱ्या मतदारांना चुचकारले होते आणि निवडून येताच पहिल्याच भाषणात वंशभेदाचे दिवस संपले असे ठणकावून सांगितले होते. घडू न दिलेल्या वाईट गोष्टींचा हिशोब त्यांच्या बाजूने मांडायचा असेल, तर थांबवता आल्या असत्या पण थांबवल्या नाहीत अशा गोष्टीही त्याच वहीत लिहाव्या लागतात.

तेहरानच्या त्या रात्रीनंतर दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी १९७८ रोजी, ते दिल्लीत उतरले. आणीबाणी उठून वर्षही झाले नव्हते आणि मोरारजी देसाई पंतप्रधान होते. संसदेत भाषण झाले, रामलीला मैदानावर सभा झाली, ३ जानेवारीला संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या झाल्या आणि त्याच दिवशी ते गुडगावजवळच्या दौलतपूर नसीराबाद या गावी गेले. त्या गावाने पुढे आपले नाव कार्टरपुरी करून घेतले. पण महाराष्ट्राशी खरा संबंध होता तो तारापूरचा. १९६३ च्या करारान्वये तारापूरच्या दोन अणुभट्ट्यांना अमेरिकेने समृद्ध युरेनियम पुरवायचे होते, आणि १९६९ पासून तिथली वीज महाराष्ट्राला आणि गुजरातला मिळत होती. मे १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेचा सूर बदलला. कार्टर यांना भारताने आपली सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीसाठी खुली करावीत असे वाटत होते आणि मोरारजीभाई त्याला तयार नव्हते. दिल्लीतच कार्टर व्हान्स यांच्या कानाशी लागून म्हणाले की परत गेल्यावर त्यांना एक थंड आणि अगदी स्पष्ट पत्र लिहायला हवे. जवळचा ध्वनिक्षेपक चालू होता आणि ते वाक्य पत्रकारांनी ऐकले.

त्यानंतर मार्च १९७८ मध्ये अमेरिकेत अणुप्रसारबंदीचा नवा कायदा झाला आणि तारापूरचे इंधन अडू लागले. आपल्याकडे तेव्हा जी चीड व्यक्त झाली ती मला आजही रास्त वाटते. करार एका देशाने दुसऱ्या देशाशी केला होता, आणि नंतर घरात केलेल्या कायद्याचा हवाला देऊन तो मोडणे हा सरळ वचनभंग होता. गंमत अशी नव्हे तर गुंतागुंत अशी की १९८० मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, कार्टर यांनीच तारापूरला ३८ टन इंधन पाठवण्याचा निर्णय घेतला, प्रतिनिधिगृहाने तो मोठ्या बहुमताने फेटाळला, आणि सिनेटमध्ये तो ४८ विरुद्ध ४६ अशा मतांनी कसाबसा तरला. ज्या माणसाने पंचवीस वर्षांपूर्वी वितळलेल्या अणुभट्टीत उतरून हाताने बोल्ट काढले होते, त्याला अण्वस्त्रांचा प्रसार हा जगाचा पहिला धोका वाटावा यात आश्चर्य नाही. मी त्यांच्याशी सहमत नाही, पण त्या हट्टामागे आपल्याविषयीचा आकस होता असेही मला वाटत नाही.

भारताविषयी त्यांना जे वाटे, त्याचे मूळ विक्रोळीत होते. त्यांच्या आई लिलियन या परिचारिका होत्या. वयाला बंधन नाही असे सांगणारी पीस कोअरची, म्हणजे परदेशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेची, जाहिरात त्यांनी टीव्हीवर पाहिली आणि १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्या मुंबईला येऊन पोहोचल्या. विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत कुटुंबनियोजन आणि दवाखान्याच्या कामात त्यांनी सुमारे एकवीस महिने काढले. कुष्ठरोग्यांचीही सेवा केली. तेव्हाची विक्रोळी आजच्यासारखी नव्हती. पूर्वेला मिठागरे आणि खाडी, पश्चिमेला डोंगर, मध्ये कारखाने आणि कामगारांच्या चाळी. लिलियनबाईंचा वाढदिवस १५ ऑगस्टचा. त्यांना सत्तर वर्षे पूर्ण झाली ती विक्रोळीत, १९६८ मध्ये, आणि त्या दिवशी मुलांना लिहिलेल्या पत्रात त्या म्हणतात की जगाच्या या दूरच्या कोपऱ्यात, ज्यांच्यावाचून चालणार नाही असे वाटत होते त्या माणसांपासून आणि वस्तूंपासून लांब राहून, जगणे म्हणजे काय ते मला उमगले. मुलगा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर महिनाभरातच, फेब्रुवारी १९७७ मध्ये, राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीला अमेरिकेतर्फे त्याच आल्या होत्या. आईने साठी उलटल्यावर सुरू केलेले काम मुलाने पाहिले होते. ५६ व्या वर्षी पराभूत होऊन, शेती कर्जात बुडालेली असताना, प्लेन्सला परतलेल्या माणसाला पुढे काय करावे हे कळले, त्यात या उदाहरणाचा वाटा असणारच.

१९८२ मध्ये त्यांनी आणि पत्नी रोझलिन यांनी कार्टर सेंटर स्थापन केले. निवडणुकांची निरीक्षणे, मध्यस्थी, आरोग्याची कामे यांची यादी मोठी आहे आणि ती इतरत्र वाचायला मिळते. २००६ च्या ऑक्टोबर अखेरीस हे जोडपे आपल्या लोणावळ्याजवळ मळवली परिसरात आले आणि हजारो स्वयंसेवकांबरोबर आठवडाभर शंभर घरांच्या बांधकामावर राबले. कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे होते. त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली होती: डोक्याला टोपी, कमरेला हत्यारांचा पट्टा, आणि पाहुण्याचा आव नाही. अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांचे नातू जेसन यांनी प्लेन्समधल्या त्यांच्या साध्या घराविषयी सांगितले की स्वयंपाकघरात मोरीशेजारी एक छोटी मांडणी होती आणि तिच्यावर धुतलेल्या झिपलॉकच्या पिशव्या वाळत टांगलेल्या असत. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणाऱ्या आपल्या घरांना यात काही नवल वाटणार नाही. अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षाच्या घरी हे चालत असे, हे ऐकताना मला मात्र गलबलून आले.

पण या सगळ्यांत मला सर्वांत मोठे वाटते ते नारूचे, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून शरीरात जाणाऱ्या दोऱ्यासारख्या कृमीच्या रोगाविरुद्धचे काम. मराठवाड्यात माझ्या आजोळी गावाबाहेर पायऱ्यांची विहीर होती, आणि बायका घागर बुडवताना घोटाभर पाण्यात उतरत. माझ्या थोरल्या मामांच्या पिंडरीवर एक लांबट, चकाकणारा व्रण होता. ते सांगत, आधी फोड यायचा आणि अशी आग सुटायची की पाय पाण्यात घातल्याशिवाय राहवत नसे. तो फुटला की पांढरा दोरा डोकावायचा. तो काडीवर रोज बोटभर गुंडाळायचा, घाई करायची नाही, कारण मध्येच तुटला की पाय सुजून पू होई आणि माणूस महिना-दोन महिने अंथरुणाला खिळे. हे नेमके पेरणीच्या तोंडावर होई. पायाची आग विझवायला विहिरीत बुडवलेल्या त्याच पायातून लाखो अळ्या पाण्यात जात, पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे किडे त्या गिळत, ते पाणी गाव पिई आणि वर्षभराने पुढच्या घरात पुन्हा दोरा डोकावे. या रोगावर लस नाही, खात्रीचे औषध नाही. उपाय एवढाच की पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचे, नारू झालेल्याने पाण्यात पाय घालायचा नाही, आणि पाण्यात औषध टाकून ते किडे मारायचे.

भारतातला नारू भारताने संपवला, हे आधी सांगितले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव झालेल्या बोअर, जालन्याच्या आणि सोलापूरच्या हातपंपांतून सुधारत सुधारत तयार झालेला आणि देशभर पोहोचलेला ‘इंडिया मार्क टू’ पंप, बुजवलेल्या किंवा बांधून वरून पाणी काढण्याजोग्या केलेल्या पायविहिरी, आणि १९८३-८४ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली घरोघर फिरलेले आरोग्यसेवक, असे सगळे त्यात आले. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. आफ्रिकेत मात्र तेवढे सरकारी बळ नव्हते. १९८६ मध्ये कार्टर सेंटरने जागतिक मोहिमेचे नेतृत्व हाती घेतले तेव्हा २१ देशांत दरवर्षी अंदाजे ३५ लाख माणसांना नारू होत होता.

कार्टर यांनी तो रोग पहिल्यांदा पाहिला १९८८ मध्ये, घानातल्या एका खेड्यात. एक तरुण स्त्री हातात तान्हे मूल धरून उभी आहे असे त्यांना लांबून वाटले, म्हणून ते तिच्याशी बोलायला जवळ गेले. तिच्या हातात मूल नव्हते. तिने आपला सुजलेला स्तन हाताने तोलून धरला होता आणि त्याच्या अग्रातून नारू बाहेर येत होता. ही गोष्ट त्यांनी पुढे अनेकदा सांगितली. त्यानंतर त्यांनी काय केले? देशोदेशीच्या राष्ट्रप्रमुखांना गाठले, कंपन्यांकडून गाळणीचे कापड आणि पाण्यात टाकायचे औषध फुकट मिळवले, आणि माजी राष्ट्राध्यक्ष म्हणून उरलेले सगळे वजन फडक्यातून पाणी गाळण्याच्या प्रचारामागे लावले. १९९५ मध्ये सुदानमधल्या यादवीत त्यांनी दोन्ही बाजूंना शस्त्रे खाली ठेवायला लावली ती या कामासाठी. जवळजवळ सहा महिने टिकलेल्या त्या युद्धविरामात आरोग्यसेवक अशा गावांत पोहोचले जिथे एरवी जाताच आले नसते. किड्यामुळे बंदुका थांबल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

ऑगस्ट २०१५ मध्ये, कर्करोग मेंदूपर्यंत पोहोचल्याचे कळल्यावर, ९० वर्षांचे कार्टर पत्रकारांपुढे बसले आणि कुणीतरी त्यांना विचारले की अजून काय व्हावेसे वाटते. आपल्याआधी शेवटचा नारू मरावा, असे ते म्हणाले. आजारातून ते आश्चर्यकारकरीत्या उठले, आणखी नऊ वर्षे जगले, पण ती इच्छा पुरी झाली नाही. त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, २०२४ मध्ये, जगात नारूचे १५ रुग्ण आढळले, नऊ चाडमध्ये आणि सहा दक्षिण सुदानमध्ये. पस्तीस लाखांवरून पंधरा. माझ्या मामांच्या नातवंडांनी नारू पाहिलेला नाही आणि त्यांना तो समजावून सांगावा लागतो.

उरलेल्या पंधरांचे काम आधीच्या लाखांहून अवघड झाले आहे, कारण चाडमध्ये हा किडा कुत्र्यांतही आढळू लागला आहे. त्यामुळे तिथे आता नारू झालेली कुत्री बांधून ठेवावी लागतात, मासे साफ केल्यावर उरलेली आतडी पुरावी लागतात, आणि खबर देणाऱ्याला बक्षीस दिले जाते. शेवटचा रुग्ण बरा झाला म्हणजेही संपत नाही. प्रत्येक देशाने सलग तीन वर्षे एकही रुग्ण नाही हे दाखवायचे असते, आणि ते दाखवायचे तर त्या तीन वर्षांत कुणीतरी दर महिन्याला प्रत्येक वस्तीवर जाऊन, प्रत्येक दारात उभे राहून, इथे कुणाला नारू झाला आहे का असे विचारत राहिले पाहिजे, आणि मिळालेले ‘नाही’ हे उत्तर वहीत लिहून पुढच्या दारी गेले पाहिजे.